कासव आलं आणि तहा दिसेनासा झाला

मित्रांनो, मी जुना संगणक आहे. हे मी स्वतःहून सांगतो, कारण दुसऱ्या कुणी सांगितलं की वाक्यात 'भंगार' हा शब्द येतोच. एके काळी मी पांढरा होतो. आता माझा रंग चहात बुडवलेल्या टोस्टसारखा झाला आहे. तरीही माझ्याविषयी बोलताना आवाज थोडा खाली ठेवावा अशी माझी अपेक्षा असते. रत्नागिरीत इंटरनेट नवीन नवीन आलं, तेव्हा त्याच्या स्वागताला जी मोजकी यंत्रं उभी होती त्यांत मी होतो.

माझा जन्म १९९९ साली मुंबईत एका जिन्याखालच्या दुकानात झाला. पोटातला एक भाग तैवानचा, दुसरा मलेशियाचा आणि पत्र्याची पेटी भिवंडीची. इतक्या देशांचं रक्त अंगात असूनही मी कधी मिजास केली नाही. महिपतने मला विकत घेतलं आणि मांडीवर घेऊन एसटीने रत्नागिरीला आणलं. कंडक्टरने माझं अर्धं तिकीट फाडलं. महिपतने बरीच हुज्जत घातली, पण मी मनातून सुखावलो. या शहरात मी रीतसर तिकीट काढून आलो आहे. किती जणांना असं सांगता येईल?

महिपतचा मांडवीच्या रस्त्यावर टेलिफोन बूथ होता, जोडीला झेरॉक्सचं मशीन. त्याच गाळ्यात त्याने प्लायवूडचे आडोसे ठोकले, चार संगणक मांडले आणि बाहेर 'सायबर कॅफे' अशी पाटी लावली. कॅफे म्हटलं तरी चहा समोरून मागवावा लागे. उद्घाटनाला त्याने उंबऱ्यावर नारळ फोडला आणि आम्हा चौघांच्या कळफलकांना हळदकुंकू वाहिलं. माझ्या एंटरच्या फटीत ती हळद अजून आहे. मला सगळे 'तीन नंबर' म्हणत. एक नंबर दारात होता म्हणून त्याला धूळ खावी लागे, दोन नंबरवर पंखा पोचत नसे, चार नंबरच्या आडोशात कॉलेजची पोरं काय बघत ते महिपतला बघवत नसे. प्रतिष्ठित गिऱ्हाईक थेट माझ्याकडे येई.

माझ्या कामाची वर्षं म्हणजे काय सांगू! बारावीचा निकाल लागला की आधी माझ्या पडद्यावर लागायचा आणि मग घरी. आंब्याचे व्यापारी, पत्रिका जुळवणारे आईबाप, जहाजावर नोकरी शोधणारे तरुण, सगळे माझ्यासमोरच्या त्या हलत्या स्टुलावर बसून गेले. पण मला खरा मान मिळवून दिला तो शुक्रवारने.

राजिवडा मोहल्ल्यातले पुष्कळ पुरुष आखातात नोकरीला, आणि तिथे शुक्रवारी सुट्टी असते. त्यामुळे दर शुक्रवारी दुपारनंतर राजिवड्यातल्या आया, बायका, बहिणी महिपतच्या गाळ्यात येत आणि माझ्या डोक्यावर बसवलेल्या लिंबाएवढ्या कॅमेऱ्यासमोर ओढण्या सारख्या करून बसत. त्यांत सगळ्यात नेमाने येणारी हफीजाचाची. तिचा एकुलता एक मुलगा तहा कुवेतला होता. चाचीला इंग्रजी येत नव्हतं आणि ते यावं असं तिला कधी वाटलंही नाही. तिने रस्ता पाठ केला होता. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक निळं चक्र असे. त्यावर दोनदा टिचकी मारायची. मग थांबायचं. मग तहा.

ते निळं चक्र म्हणजे माझा ब्राउझर. इंटरनेटवरची पानं आपल्यापुढे उघडून धरणाऱ्या कारकुनाला ब्राउझर म्हणतात. चाचीच्या दृष्टीने मात्र ती लेकाच्या घराची कडी होती. ती वाजवली की तहा दार उघडायचा, "अम्मी, जेवलीस?" असं विचारायचा आणि ती न चुकता सांगायची, "तू बारीक झालास."

मित्रांनो, सुखात माणसाला नवं काहीतरी करावंसं वाटतं. महिपतला तसं वाटलं नव्हतं. त्याला फक्त भीती वाटली होती.

२००५ सालच्या मे महिन्यात बाजारात बातमी उठली की मुंबईहून दोन माणसं ब्रीफकेस घेऊन आली आहेत आणि ज्यांच्या संगणकात बिनपावतीची प्रणाली आहे त्यांचे संगणक उचलून नेणार आहेत. प्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, जिच्या हुकमावर आम्ही चालतो ती. आमच्या चौघांतली प्रणाली कुठून आली होती? मुंबईच्या त्या जिन्याखालच्या दुकानदाराने संगणकाबरोबर भेट दिली होती, कापडाच्या दुकानात पिशवी देतात तशी. तिला पावती असते हेच महिपतला त्या दिवशी कळलं. ब्रीफकेसवाले प्रत्यक्ष पाहिलेला एकही माणूस बाजारात नव्हता, त्यामुळे बातमीवर संशय घ्यायला जागा राहिली नाही.

महिपतने सलिल सरांना बोलावलं. सर तिशीचे, कॉम्प्युटर क्लास चालवणारे, वाक्य पूर्ण केल्याशिवाय श्वास न घेणारे.

"महिपतराव, घाबरताय कशाला? फुकट आणि कायदेशीर प्रणाली आहे माझ्याकडे. स्वतंत्र आहे ती."

"कुणापासून स्वतंत्र?"

"कंपन्यांपासून!"

"मग घाला."

गुरुवारी संध्याकाळी आम्हा चौघांची पोटं साफ करून नवी प्रणाली बसवली गेली. राहिली जुन्या प्रणालीची तबकडी, म्हणजे सीडी. तिच्यावर कुणाची नजर पडू नये म्हणून महिपतने बातमी उठली त्याच दिवशी शाईने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'गोदाचं लग्न'. गोदा ही त्याची धाकटी बहीण. आता ही तबकडी घरात नको आणि कचऱ्यातही नको. तेवढ्यात गोदाचा नवरा रावजी नेहमीप्रमाणे वाया गेलेल्या सीड्या न्यायला आला. त्याची शिरगावला आंब्याची बाग होती. चमकणाऱ्या सीड्या सुतळीने फांद्यांना टांगल्या की वारा त्या फिरवतो, ऊन त्यांवर लखलखतं आणि पोपट, माकडं बिचकतात. महिपतने सगळ्या सीड्यांच्या मधोमध ती तबकडी सरकवली आणि पुरावा शिरगावला रवाना झाला. त्या रात्री महिपतला शांत झोप लागली.

शुक्रवारी सकाळपासून गाळ्यात आरडाओरडा सुरू झाला. निळं चक्र गेलं होतं. त्याच्या जागी नव्या प्रणालीने आपला ब्राउझर आणला होता आणि त्याचं चित्र होतं कासवाचं. इंटरनेट दाखवणाऱ्याने कासव हे चिन्ह घ्यावं, या प्रामाणिकपणाला मी दाद दिली. बाकी कुणी दिली नाही.

मला कासवाची निंदा करायची नाही. स्वभावाने ते फार नम्र होतं. प्रत्येक वेळी आधी क्षमा मागायचं आणि मगच पान उघडायचं नाही. मराठी वर्तमानपत्र उघडलं तर अक्षरांच्या जागी मुंग्यांची रांग. रेल्वेचं पान उघडलं तर अर्धंच, म्हणजे गाडी निघायची पण पोचायची नाही. दोष एकट्या त्याचाही नव्हता. त्या काळी बहुतेक पानांच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असे, की हे पान अमुकच ब्राउझरमध्ये पाहावं. पानंच सोवळ्यात बसलेली, तिथे कासवाने शिवायचं कुठे? पण आतून मला काय होत होतं ते सांगतो. तीच माझी पेटी, तोच पडदा, तीच एंटरमधली हळद, आणि वर्षानुवर्षं पाठ असलेली उत्तरं ओठांवर येऊन थांबत होती.

तीनच्या सुमाराला हफीजाचाची आली. एरवी ती एकटी यायची. त्या दिवशी तिच्या मागून तिची सून मनाल आत आली. राजापूरच्या माहेरून, एसटीतून उतरून थेट. तिच्या खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं एक गाठोडं होतं आणि ते जांभई देत होतं.

ती आयात, तहाची पहिली मुलगी. बाळंतिणीने चाळीस दिवस घराबाहेर पडायचं नाही आणि तोवर बाळाचा फोटोही काढायचा नाही, नजर लागते, असा त्यांच्या घरचा रिवाज. त्यामुळे तहाने लेकीचा आवाज फोनवर ऐकला होता, तोंड पाहिलं नव्हतं. चाळिसावा गुरुवारी झाला होता. शनिवारी तहाला वाळवंटातल्या नव्या कामावर वर्षभरासाठी जायचं होतं. तिथे महिन्यातून एकदा फोन मिळेल, संगणक मिळणार नाही, असं त्याच्या साहेबाने आधीच सांगितलं होतं. म्हणजे हा एकच शुक्रवार होता.

चाची स्टुलावर बसली. सवयीने डाव्या कोपऱ्याकडे बाण नेला आणि थांबली.

"महिपत, हा कासव कुणाचा?"

"इंटरनेटचा, चाची. नवीन आलाय."

"चक्र खय गेला?"

"चक्र बंद झालं. आता यावरच टिचकी मारायची."

चाचीने दोनदा टिचकी मारली. थांबली. गप्पांचं पान उघडलं, आणि जिथे तहा दिसायचा तिथे एक करडा चौकोन आला. कासवाने क्षमा मागितली. हा चौकोन भरण्यासाठी लागणारा जोड, म्हणजे वरून बसवायचा छोटा प्रोग्रॅम, आपल्याकडे नाही, असं त्याने कळवलं.

"काय म्हणतोय?" चाचीने विचारलं.

"माफी मागतोय," महिपत म्हणाला.

"त्याची माफी घेऊन मी काय करू? माजा पोर दाखव म्हणावं."

सलिल सर धावत आले. त्यांनी तो जोड मिळवण्याचा हुकूम दिला. नव्या प्रणालीने त्यांना परवलीचा शब्द विचारला. त्यांनी दिला. मग जोड आला, आणि त्याला चालण्यासाठी आणखी एक जोड लागतो असं कळलं. तो आला, तर त्याला पहिला जोड पसंत नव्हता.

"सर, काही होतंय का?" महिपतने विचारलं.

"होतंय ना. बघा, ही प्रणाली फार सुरक्षित आहे."

"ते दिसतंय. गिऱ्हाईकसुद्धा आत जाऊ शकत नाही."

तेवढ्यात बूथचा फोन वाजला. कुवेतहून तहा होता. महिपतने रिसीव्हर चाचीच्या हातात दिला. आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू आला.

"अम्मी, मी कवाचा बसलोय. तुमी दिसत नाय."

"हितं कासव बसलाय रे दारात."

"काय बसलाय?"

"तू उठू नको. मनाल आलीय, पोरीला आणलीय. तू बसून राहा."

"अस्रची अजान होईपर्यंत बसतो, अम्मी. मग गाडी येईल न्यायला."

अस्र म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज, आमच्या घड्याळात सहाच्या थोडं आधी. चाचीने फोन ठेवला. रडली नाही, ओरडली नाही. ओढणी डोक्यावर घट्ट केली आणि महिपतकडे पाहिलं.

"बाबा, कुणाला भिऊन तू माज्या पोराचं दार बदललंस?"

  मनालच्या खांद्यावरच्या त्या गाठोड्याने पुन्हा जांभई दिली. मित्रांनो, आयुष्यभर पोस्टमनलासुद्धा बिचकणारा माणूस शूर होताना मी त्या वेळी पाहिला. महिपत म्हणाला, "येऊ देत ते मुंबईचे. चहा पाजीन त्यांना. सर, जुनं परत घाला."

"घालतो, पण तबकडी कुठाय?"

पुढचं मी पाहिलेलं नाही. पण फोन माझ्या शेजारीच होता, आणि बाकीचं महिपतने पुढे इतक्यांदा सांगितलं की पाहिल्यात जमा आहे. त्याने शिरगावला फोन लावला.

"भावोजी, कालच्या सीड्या कुठायत?"

"झाडावर. काय बेस चमकतायत वो! माकड फिरकलं नाय सकाळपासून."

"त्यांतली एक परत हवी. वर नाव आहे, 'गोदाचं लग्न'."

पलीकडे रिसीव्हर या कानावरून त्या कानावर गेला. मग रावजी म्हणाला, "महिपतदादा, आमचं लग्न तुमी माकडांना दाखवायला दिलंत?"

मागून गोदाचा आवाज आला, "कुणाचं लग्न? काय दिलंन दादाने?" त्यानंतर फोनवर जे बोलणं झालं ते बहीणभावातलं आहे, म्हणून मी ते सांगत नाही.

महिपत स्कूटरवरून शिरगावला पोचला तेव्हा गोदा पायरीवर पाठ करून बसली होती. ही लग्नाची सीडी नव्हेच, आत वेगळंच आहे, असं त्याने सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे माझ्या नावावर चोरी?" हे पहिल्यापेक्षा जड पडलं. रावजीने झेला काढला. झेला म्हणजे आंबे उतरवायची काठी, टोकाला जाळी. दोघांनी माना वर करून हापूसच्या शेंड्यावर फिरणाऱ्या तबकड्यांवरची नावं वाचली आणि पिकल्या आंब्याबरोबर माझी प्रणाली अलगद जाळीत उतरवली. जगात संगणक पुष्कळ झाले, पण झाडाला लागलेली प्रणाली मिळालेला एखादाच.

ती तबकडी आणली तेव्हा तिच्यावर आंब्याचा चीक होता, चरे होते आणि एका पोपटाने आपलं मत स्पष्टपणे नोंदवलेलं होतं. एक नंबरने ती वाचायला नकार दिला आणि बाहेर फेकली. दोन नंबरने फेकली. चार नंबरने तर आतच घेतली नाही. आमच्यात नवे भाग बसवलेले हे तिघे, फार नाजूक. सलिल सरांनी मान हलवली. घड्याळाकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते.

मग चाचीने तबकडी हातात घेतली. मनालने बाळाच्या दुपट्याचा कोपरा पाण्यात भिजवून दिला. चाचीने ती मधून कडेकडे, आरसा पुसावा तशी पुसली आणि माझ्या खणात ठेवली. महिपत माझ्या पेटीवर हात ठेवून म्हणाला, "तीन नंबर, इज्जतीचा प्रश्न आहे रे."

माझा खण मुंबईचा, पहिल्या दिवसाचा. खाऱ्या हवेने त्याची एक कड गंजली होती. मी तबकडी फिरवली. घरघरलो, खोकलो, चऱ्यापाशी अडलो, मागे आलो, पुन्हा गेलो. आडोशांमागची पोरंसुद्धा येऊन उभी राहिली. शेवटी पडद्यावर निळा रंग पसरला आणि सलिल सरांनी त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत छोटं वाक्य उच्चारलं, "वाचतोय."

प्रणाली बसायला जो वेळ लागायचा तो लागला. त्या वेळात दोनदा चहा आला, एकदा आयात रडली आणि कुवेतहून दोनदा फोन आला. "बसलायस ना?" "बसलोय, अम्मी." मग डाव्या कोपऱ्यात निळं चक्र उगवलं. चाचीने कुणालाही हात लावू दिला नाही. दोनदा टिचकी. थांबली.

आणि तहा आला.

मनालने दुपटं बाजूला करून लेकीला कॅमेऱ्यासमोर धरलं. तहा काही बोलेना. त्याचा चेहरा पडद्यावर तुकड्यातुकड्यांनी हलत होता. चाचीला वाटलं यंत्र पुन्हा अडलं. पण मी अडलो नव्हतो, मित्रांनो. तोच अडला होता.

"बोल काहीतरी," मनाल हळूच म्हणाली.

"नाक अब्बांचं हाय," तहा म्हणाला. मग त्याने तोंड बाजूला वळवलं.

"तोंड फिरवू नको!" चाची ओरडली. "वर्षाचं बघून घे. रडायला वाळवंट पडलंय."

त्याने बघून घेतलं. आयातने त्याच्या दिशेने मूठ उगारली आणि ती शिंकली, तेव्हा गाळ्यातली सगळी माणसं आणि कुवेतमधला एक माणूस एकदमच हसली. पलीकडे अजान झाली. चित्र गेलं. चाची उठली, तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली, नातीची दृष्ट काढावी तशी.

त्याच वेळी दारात दोन अनोळखी माणसं उभी राहिली. हातात ब्रीफकेस. महिपतच्या चेहऱ्यावरचं रक्त मांडवीच्या ओहोटीसारखं उतरलं. पण दिलेला शब्द त्याने पाळला.

"या. चहा घेणार?"

"चहा नको," त्यांतला जाडा म्हणाला. "आम्ही आंब्याच्या कारखान्यातले वजनकाटे तपासायला आलोय. ऑफिसचं एक पान उघडायचं होतं. दोन दिवस सगळ्या कॅफेंत हिंडतोय, जिथे जावं तिथे कासव. तुमच्याकडे जुनं काही आहे का हो?"

महिपतने माझ्याकडे बोट दाखवलं.

पुढच्या हंगामात महिपतने माझ्यापुरती पावतीची प्रणाली विकत घेतली आणि ती पावती फ्रेम करून गणपतीच्या तसबिरीशेजारी लावली. बाकी तिघांवर कासव राहिलं. काही वर्षांत ते सुधारलंही, मराठी वाचू लागलं, क्षमा कमी मागू लागलं. गोदाने भावाशी अबोला धरला तो भाऊबीजेला सोडला.

मग घरोघरी कनेक्शन आली, हातोहाती फोन आले. महिपतने गाळ्यात मोबाइलचं दुकान काढलं. एक, दोन आणि चार नंबर किलोवर गेले. माझ्यासाठी हफीजाचाची रिक्षा घेऊन आली होती. "ह्याला मी नेणार," एवढंच ती म्हणाली.

आता मी राजिवड्यात त्यांच्या पुढच्या खोलीत असतो. अंगावर क्रोशाचं झाकण आहे. मला वीज जोडलेली नाही, पण दर शुक्रवारी चाची माझा पडदा पुसते, ओल्या फडक्याने, मधून कडेकडे. तहा वाळवंटातून परतला, आता इथेच त्याचं दुकान आहे. आयात शाळेत जाते. परवा तिने माझ्या एंटरमधली हळद नखाने कोरायला घेतली आणि विचारलं, "दादी, हा चालत नाय तर ठेवलाय कशाला?"

"हळू गो," चाची म्हणाली. "तुजा बाप ह्याच्यात राहायचा."

तेव्हा मित्रांनो, नवं जरूर आणा. नव्याला थोडं सांभाळूनही घ्या, तेही शिकतं. पण जुनं सुतळीने फांदीला टांगण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारून घ्या, ह्याच्यात आपलं कुणी राहत तर नाही ना?